चकचकीत केलं म्हणजे वाद्य वाचलं, असं नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलच्या दालनात मांडलेल्या जुन्या जपानी वाद्यांवर सचित्र लेख आला होता. वाद्यांना 'नवसंजीवनी' मिळाली, असा त्याचा सूर. लेख वाचला, चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिले, आणि दुकानातल्या पोराला म्हटलं, आज सतारीला हात लावायचा नाही, आधी पत्र लिहायचं. लेखिकेवर माझा राग नाही. तिनं मन लावून लिहिलंय, आणि तिला जे सांगितलं गेलं ते तिनं लिहिलं. पण ज्या कामाला लेखात 'जीर्णोद्धार' म्हटलंय, ते काम आमच्या धंद्यात वाद्य मारून टाकणं समजलं जातं. हे कुणीतरी सांगायला हवं.

माझं गिरगावात तंतुवाद्यं दुरुस्त करायचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. तंबोरे, सतारी, दिलरुबे, क्वचित एखादी सारंगी आणि श्रावण लागला की बेंजो. गेल्या काही वर्षांत त्यात जपानी वाद्यांची भर पडली. नोकरीनिमित्त मुंबईत येऊन राहिलेली जपानी कुटुंबं, तिकडे राहून आलेले आपले इंजिनिअर आणि हल्ली घरबसल्या जुनी वाद्यं मागवणारी हौशी तरुण मुलं, अशी ही गिऱ्हाइकं. बोटीतून किंवा विमानातून आलेलं वाद्य आपल्या हवेत पहिला पावसाळा काढतं आणि सांध्यात उघडतं. मग कुणीतरी कुणाला तरी विचारतं आणि माझ्याकडे पाठवतं. मी जपानला कधी गेलेलो नाही. जे शिकलो ते वाद्यं उघडून, आणि एका गिऱ्हाईक बाईंच्या कृपेनं तिकडच्या एका म्हाताऱ्या कोतो कारागिराशी व्हिडिओवर बोलून. आमची दोघांची भाषा म्हणजे बोटानं लाकडावर टकटक करणं, पण काम भागतं.

आता फोटोतल्या कोतोबद्दल. साधारण सहा फूट लांबीचं, जमिनीवर आडवं ठेवून वाजवायचं वाद्य. पडून राहिलेल्या ड्रॅगनसारखी त्याची कल्पना करतात, त्यामुळे एका टोकाला ड्रॅगनचं डोकं आणि दुसऱ्या टोकाला शेपटी म्हणतात. वर तेरा तारा, आणि प्रत्येक तारेखाली एकेक सुटी घोडी, म्हणजे तार उचलून धरणारा छोटा आधार. लेखात कौतुकानं लिहिलंय की या कोतोला आरशासारखं पॉलिश केलं, गंजू नयेत म्हणून स्टेनलेस स्टीलच्या तारा लावल्या आणि 'घोड्या सरकत होत्या, त्या पक्क्या चिकटवून टाकल्या.' तिन्ही गोष्टी चुकीच्या, आणि तिसरी तर अशी की वाचून मी मोठ्यानं 'अरे देवा' म्हणालो.

कोतोच्या घोड्या सरकण्यासाठीच असतात हो. त्याच्या तेराही तारा सारख्याच जाडीच्या असतात आणि जवळपास सारख्याच ताणानं कायमच्या बांधलेल्या असतात. सतारीसारखी खुंटी पिळून सूर लावायची सोय तिथे नाही. सूर लागतो तो घोडी पुढेमागे सरकवून. एक चीज संपली की वादक बसल्या बसल्या घोड्या हलवून दुसरा स्वरमेळ लावतो, कधी तर वाजवता वाजवता एखादी सरकवतो. सतराव्या शतकातले अंध वादक यात्सुहाशी केंग्यो यांनी कोतोचे स्वरमेळ बदलून त्या वाद्याला नवं वळण दिलं, असं तिकडे मानतात. 'रोकुदान' ही सहा भागांची प्रसिद्ध रचना त्यांच्याच नावावर सांगतात. घोड्या चिकटवलेल्या कोतोवर पुढची चीज लावायचीच कशी? आणि जिथे चिकटवल्या तिथे तरी सूर होता का, हे कुणी ऐकून पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

पॉलिशचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. कोतो किरी नावाच्या लाकडाचा करतात. इंग्रजीत त्याला पाउलोनिया म्हणतात. हातात घेतलं तर विश्वास बसत नाही इतकं हलकं. किमोनो ठेवायच्या पेट्याही जपानी लोक याच लाकडाच्या करतात. कोतोची वरची बाजू एका ओंडक्यातून कोरून काढतात आणि खालून फळी बसवतात. त्या फळीला दोन टोकांना दोन भोकं. पृष्ठभाग ते रंगवत नाहीत, भाजतात. लोखंडी इस्तरीसारखं अवजार तापवून लाल करायचं आणि लाकडावरून फिरवायचं. वरचा थर करपतो, मग तो घासायचा, मेण लावून चोळायचा. रेषा उठून येतात आणि तो खोल तपकिरी रंग मिळतो. तो रंग म्हणजे जळलेलं लाकूडच असतं. आपला पॉलिशवाला येतो, मळलंय म्हणतो, आधी पॉलिशपेपर मारतो. गेला तो थर. मग वर यंत्रानं मेलामाइन नाहीतर पीयू असल्या चकचकीत रासायनिक पॉलिशचे हात देतो. हलक्या, श्वास घेणाऱ्या फळीवर काचेचं कवच. टकटक केल्यावर जिथे 'ठण्ण' यायला हवं तिथे 'ठप्प' येतं. पृष्ठभाग पुन्हा भाजायचाच असेल, तर ते कोतो करणाऱ्याचं काम आहे. फर्निचरवाल्याचं तर नाहीच, आणि माझंही नाही.

तारांचं सांगायचं तर पूर्वी त्या रेशमाच्या असत, आता बहुतेक टेटोरॉनच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या. स्टीलच्या तारांचा ताण वेगळा, आवाज वेगळा आणि त्यांनी कडाही कापल्या जातात. कोतोला तारा चढवणं हे तिकडे स्वतंत्र कौशल्याचं काम आहे. तार काठीला गुंडाळून, अंगाचा सगळा भार टाकून ओढावी लागते. मी आणि माझा पोरगा मिळून ओढतो, तेरावी तार होईपर्यंत दोघांचे खांदे भरून येतात. उरलेल्या लांबीची वेटोळी करून शेपटीकडे बांधून ठेवायची, म्हणजे तार घोडीवर झिजली की पुढे ओढून घेता येते. फोटोतल्या कोतोची ती वेटोळी 'अस्ताव्यस्त दिसतात' म्हणून छाटलेली दिसत होती.

मागच्या वर्षी पवईच्या एका बाईंचा कोतो आला होता. खालच्या फळीचा सांधा वीतभर उघडलेला. आधी कुणीतरी त्यात सुतारांचा पांढरा गोंद भरून वरून दोन चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या होत्या. चुका गंजून लाकडात काळे डाग पसरले होते. त्या चुका हळूहळू पोखरून काढल्या. गोंद सुटावा म्हणून कोमट पाण्यात पिळलेलं फडकं ठेवायचं, थांबायचं, पातळ पात्याची सुरी सरकवायची, पुन्हा फडकं. घाई केली की किरी चिरतं, बिस्किटासारखं. फळी निघाली तेव्हा आत पाहिलं तर छिन्नीनं कोरलेली नागमोडी नक्षी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चांगल्या कोतोला अशी नक्षी आतून कोरतात, वाजवणाऱ्याला ती कधी दिसत नाही. भोकातून बॅटरी मारून वाकलं तर थोडीशी दिसेल, तेवढीच. तिच्याशेजारी पेन्सिलीनं काहीतरी जपानीत लिहिलेलं होतं आणि एक वाळलेलं झुरळ होतं. झुरळ मुंबईचं असावं. ते काढलं. पेन्सिलीचं लिखाण तसंच ठेवलं, त्याचा फोटो काढून बाईंना दिला. फळी परत बसवली ती सरस लावून.

सरसाचा वास आमच्या गल्लीत कुणालाच आवडत नाही, वरच्या मजल्यावरच्या काकू तर मला रोज ऐकवतात. पण सरस, म्हणजे प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद, ऊब आणि ओल लागली की सुटतो. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणा कारागिराला तो सांधा उघडायचा असेल तर त्याला लाकूड फोडावं लागणार नाही. जपानी लोकही वाद्यांना सरसासारखाच गोंद वापरतात, आपल्या मिरजेच्या सतार-तंबोरे करणाऱ्यांतही तेच चालत आलंय. आमच्या वडिलांचं एक म्हणणं होतं की, दुरुस्ती अशी करायची की ती आपल्या मागून येणाऱ्याला उसवता आली पाहिजे. हॉटेलातल्या त्या कामात उसवता येईल असं काहीच ठेवलेलं नाही. माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

लेखात शामिसेनचाही फोटो होता. तीन तारांचं, लांब मानेचं, चौकोनी अंगाचं वाद्य, कातड्यानं मढवलेलं. ते कातडं परंपरेनं मांजराचं किंवा कुत्र्याचं. नाकं मुरडू नका, आपला तबलाही बकऱ्याच्या कातड्यावरच बोलतो. फरक असा की तबल्याला वादी आणि गट्टे असतात, पुडी उतरली तर चढवता येते. शामिसेनचं कातडं तांदळाच्या चिकट पिठाच्या खळीनं चौकटीला चिकटवतात, लाकडी चिमटे आणि दोऱ्या लावून फाटेल की काय इतकं ताणतात, आणि वाळल्यावर संपलं. नंतर घट्ट-सैल काही करता येत नाही. आपल्याकडे जुलैत ते ओल धरून मऊ पडतं, मालक वाद्य उचलून एसीच्या खोलीत ठेवतो आणि एका रात्री 'फट्' आवाज होऊन फाटतं. मी गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगतो की मुंबईत राहणार असाल तर कृत्रिम कातडं लावून घ्या. आवाजात थोडं उणं पडतं, पण वाद्य वाजत राहतं. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी घरात पावसाळाभर हवा कोरडी ठेवायचं यंत्र चालवून वीजबिल बघावं.

शामिसेनची मान बहुतेकदा तीन तुकड्यांत सुटी होते, प्रवासाला सोयीची. उत्तम मान ज्या लाकडाची करतात ते जपानी लोक आपल्याकडून नेत. रक्तचंदन! आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरांतलं, ज्याच्या तस्करीच्या आणि न्हावा शेवा बंदरातल्या जप्तीच्या बातम्या आपल्याच दैनिकात येत असतात. त्याच्या व्यापारावर आता आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, ते असायलाच हवेत. पण याचा अर्थ असा की जुन्या शामिसेनची रक्तचंदनाची मान हे परत न मिळणारं लाकूड आहे. ती तासायची तर कागदाइतकी तासावी. फोटोतल्या वाद्याची मान गुळगुळीत करून काळी रंगवली होती. रक्तचंदन काळं! असो.

त्याहून जिवाला लागलं ते वेगळंच. लेखात म्हटलंय की मानेच्या वरच्या टोकाशी 'झिजून पडलेली खाच' लांबी, म्हणजे पुट्टी, लावून भरून काढली. ती झीज नव्हती. शामिसेनच्या सर्वांत खर्जाच्या तारेला मुद्दाम वरच्या धातूच्या पट्टीवर न टेकवता लाकडाच्या त्या खोलगट जागेला हलकेच घासू देतात. त्यानं तारेला झणझणीत गुंजन येतं, आणि वरच्या तारा सुरात वाजल्या की हीसुद्धा आपोआप गुणगुणते. त्याला सावारी म्हणतात. तंबोऱ्याच्या घोडीवर आम्ही कानस लावून जवारी काढतो, वर सुताचा दोरा सरकवून जागा शोधतो, तोच हा प्रकार. ज्यानं आयुष्यात एकदा तरी जवारी काढली आहे, त्याच्या हातून ती खाच कधीच भरली गेली नसती. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरांतून कौतुक झालं, चांगलंच झालं. पण मुंबईत कुणाला जपानी वाद्य दुरुस्त करायचं झालं की मिरजकर कारागीर आठवत नाही, इंटिरिअर डेकोरेटर आठवतो.

तर मग जुनं वाद्य वाजवायच्या लायकीचं करायचं की जसं आहे तसं जपायचं? हा प्रश्न खरा आहे आणि दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. जपानमध्ये नारा इथे शोसोइन नावाचं आठव्या शतकातलं कोठार आहे. तिथे शिंपल्याच्या जडावाची पाच तारांची बिवा, म्हणजे छेडून वाजवायचं जपानी तंतुवाद्य, आहे. त्या घडणीचं, इतकं जुनं वाद्य जगात दुसरं उरलेलं नाही. पाच तारांची बिवा मुळात भारताकडून तिकडे गेली, असं जाणकार मानतात. आता ती वाजवून बघावी असं कुणालाही वाटेल. त्यांनी काय केलं? मूळ वाद्य सुरक्षित ठेवलं आणि वर्षानुवर्षं खपून त्याची हुबेहूब प्रतिकृती घडवली. ती २०१९ मध्ये पूर्ण झाली. तारांसाठी राजघराण्यात पाळलेल्या खास जातीच्या किड्यांचं रेशीम वापरलं. वाजवायची ती प्रतिकृती. हॉटेलवाल्यांना शोभेची वस्तू हवी होती, तर धूळ पुसून काचेत ठेवली असती तरी चाललं असतं. वाजणारं वाद्य हवं होतं, तर वाद्यवाल्याला बोलवायचं. त्यांनी केलं ते या दोन्हींत बसत नाही.

तिकडेही सगळं आलबेल आहे असं नाही. टोकियोतल्या हाचिओजी इथला शामिसेन घडवणारा एक मोठा कारखाना २०२० मध्ये महामारीच्या दणक्यानं बंद व्हायच्या बेतात होता. वादकांनी आणि चाहत्यांनी पैसे उभे केले म्हणून तो तरला. वाद्य घेणारेच कमी झाले की दुरुस्त करणारा कुठून टिकणार?

आणि आता ज्यासाठी खरं तर लेखणी उचलली, त्याबद्दल. पुरवणीत कोतो-शामिसेनला रंगीत पानं मिळाली. पण मुंबईत जे जपानी वाद्य हजारोंनी वाजलं, त्याचा साधा उल्लेखही नाही. लालबाग-परळच्या, गिरगावच्या, भायखळ्याच्या प्रत्येक बेंजो पार्टीतला बेंजो! नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये, तायशो राजवटीच्या पहिल्या वर्षी, टाइपरायटरसारख्या कळा बसवून तायशोगोतो नावाचं वाद्य काढलं. बोटानं कळ दाबली की ती तारेवर पडदा दाबते. स्वर शोधायला नको, म्हणून शिकायला सोपं. ते इकडे आलं, बुलबुल तरंग झालं, पुढे त्याला पिकअप बसला, अॅम्प्लिफायर जोडला गेला, आणि आपल्या विसर्जनाच्या मिरवणुकीत, हळदीत, नाक्यावरच्या वरातीत तो ढोल-ताशालाही ऐकेनासा झाला. गिरणगावात ज्यानं लहानपण काढलं त्याच्या कानातून तो आवाज जायचा नाही.

या बेंजोच्या दुखण्यांत मी तरबेज आहे असं म्हणायला हरकत नाही. कळांखालच्या स्प्रिंगा पावसात गंजतात, कळ दाबली की वर येत नाही. तारेवर पडणारी पट्टी झिजते आणि स्वर बेसूर होतो, पण वाजवणारा त्याला तारेचा दोष समजून तारा बदलत राहतो. खुंट्यांचा लाकडी ठोकळा भेगाळतो. पिकअपची तार डागताना कुणीतरी खालच्या फळीत हवं तसं भोक पाडून ठेवलेलं असतं. जुन्या हातकामाच्या बेंजोंची फळी चांगली असते आणि तीच लोक फेकून देतात, कारण नवा बेंजो दिसायला झगमगीत. आता तर डीजेनं निम्म्याहून जास्त पार्ट्या गिळल्या. मंडळांच्या कपाटात, चाळीच्या पोटमाळ्यावर हे बेंजो पडून आहेत आणि त्यांना वारसा म्हणायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण ते हॉटेलच्या दालनात टांगलेले नाहीत.

माझी मागणी मोठी नाही. आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे जाणकार माणसं आहेत. वर्षातून एकदा त्यांनी वाद्यांवर एखादं शिबिर घ्यावं आणि आमच्यासारख्या दुकानदारांना, मिरजेच्या कारागिरांना, बेंजोवाल्यांनाही बोलवावं. आम्हाला ते रसायनं आणि कागदोपत्री नोंदी शिकवतील, आम्ही त्यांना कान देऊ. आणि आपण, संपादक महोदय, वाचकांना एवढं सांगा की घरात कुठलंही जुनं वाद्य असेल, देशी असो वा परदेशी, तर काम सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, काढलेला एकही तुकडा फेकू नका, पॉलिशवाल्याला शेवटी बोलवा किंवा बोलवूच नका. कारागीर 'कसं दिसेल' हे आधी विचारतो की 'कसं वाजतं' हे विचारतो, तेवढं बघा. हस्तिदंती घोड्या किंवा नख्या असतील तर विकण्याच्या, विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका, हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बेकायदा आहे.

लेखिकेला माझं आमंत्रण आहे. गणपतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत दुकानात या. बसायला स्टूल मिळेलच असं नाही, कारण तेव्हा प्रत्येक स्टुलावर बेंजो ठेवलेला असतो, पण कटिंग चहा नक्की मिळेल. येताना फोटोग्राफरलाही आणा, फक्त कळा लावून होईपर्यंत त्यानं फ्लॅश मारू नये. त्या स्प्रिंगा खाली पडल्या की सापडत नाहीत.

आपला नम्र,
तंतुवाद्यं दुरुस्त करणारा एक जुना वाचक,
गिरगाव, मुंबई